आडात नसले तरी पोहऱ्यात येते: कासेतल्या पेशीचा हिशेब

सोलापूर जिल्ह्यातल्या कोणत्याही दूध संकलन केंद्रावर पहाटे थोडा वेळ उभे राहिले की एक तक्रार हमखास कानावर पडते. पेंड वाढवली, मक्याचा भरडा वाढवला, दूध अर्धा-पाऊण लिटरने वाढलेही, पण फॅट मात्र खाली आले. तक्रार करणाऱ्याच्या मनात एक सरळ हिशेब असतो: दावणीत जे पडेल तेच कासेतून उतरेल, आडात असेल तरच पोहऱ्यात येईल. हा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही, पण तो अर्धाच आहे. वैरण आणि दूध यांच्या मध्ये कासेतील अब्जावधी पेशी बसलेल्या असतात, आणि त्या पेशी मिळेल तेवढ्यावर समाधान मानणाऱ्या नाहीत. आपल्याला काय हवे आणि किती हवे हे त्या बऱ्याच अंशी स्वतः ठरवतात, आणि त्यासाठी यकृत, चरबी आणि हाडे यांना कामाला लावणाऱ्या व्यवस्थेत त्यांचा मोठा वाटा असतो.

कास ही दुधाची पिशवी आहे हा समज आधी बाजूला ठेवावा लागेल. आतली रचना द्राक्षाच्या घडासारखी असते. प्रत्येक मणी म्हणजे डोळ्यांना न दिसणारी एक सूक्ष्म पोकळी, आणि तिची भिंत दूध तयार करणाऱ्या पेशींच्या एकाच थराची. या मण्याभोवती बाहेरून केशवाहिन्यांचे जाळे असते आणि आकुंचन पावणाऱ्या काही पेशींची बोटे त्याला विळखा घालून असतात. दूध करणाऱ्या पेशीची एक बाजू रक्ताकडे असते, दुसरी पोकळीकडे. रक्ताकडच्या बाजूने ती ग्लुकोज, अमिनो आम्ले, चरबीचे घटक आणि कॅल्शियम उचलते, आणि पोकळीकडच्या बाजूने लॅक्टोज ही साखर, केसीन हे प्रथिन व दुधाची चरबी सोडते. लॅक्टोज आणि केसीन हे पदार्थ रक्तात तयार मिळत नाहीत, ते येथेच घडवावे लागतात. म्हणून दूध म्हणजे गाळलेले रक्त, ही जुनी कल्पना टिकत नाही. कच्चा माल मात्र सगळा रक्तातूनच येतो, आणि तो इतका विरळ असतो की गाईच्या कासेतून साधारण ४०० ते ५०० लिटर रक्त फिरते तेव्हा एक लिटर दूध तयार होते. दिवसाला वीस लिटर देणाऱ्या संकरित गाईच्या कासेतून रोज आठ ते दहा हजार लिटर, म्हणजे पाण्याच्या एका मोठ्या टँकरइतके रक्त फिरते. (रक्त तेच असते, फिरून फिरून येते, हे सांगायला नकोच.)

आता या पेशीच्या आत शिरू. दूध किती निघणार हे ठरवणारा पदार्थ कोणता, असे विचारले तर बहुतेक जण पाणी किंवा चरबी असे उत्तर देतील. खरे उत्तर आहे लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. पेशीत गॉल्जी नावाचा एक विभाग असतो, तेथे ग्लुकोज आणि त्यापासूनच बनलेले गॅलॅक्टोज यांची जोडी जुळवून लॅक्टोज तयार होते. हे काम करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन नावाच्या एका प्रथिनाची साथ लागते, आणि ते प्रथिन फक्त कासेतील पेशीच बनवतात. तयार झालेले लॅक्टोज त्या विभागाच्या पडद्यातून बाहेर पडू शकत नाही. ते आत साठते आणि मीठ लावलेल्या काकडीला पाणी सुटते त्याच न्यायाने आजूबाजूचे पाणी आत ओढून घेते. हेच पाणी पुढे दुधाचे पाणी होते. जितके लॅक्टोज तितके पाणी, आणि जितके पाणी तितके लिटर. म्हणूनच निरोगी जनावराच्या दुधातील लॅक्टोजचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास जवळपास स्थिर राहते, बदलतो तो लिटरचा आकडा. आंबोणात गूळ घातल्याने दूध गोड होत नाही, त्याचेही कारण हेच.

एक लिटर दुधासाठी कासेला साधारण ७० ग्रॅम ग्लुकोज लागते. वीस लिटर देणाऱ्या गाईच्या बाबतीत हा आकडा रोज जवळजवळ दीड किलोपर्यंत जातो, आणि ऐन भरात असलेल्या जनावराच्या शरीरात तयार होणाऱ्या एकूण ग्लुकोजपैकी निम्म्याहून बराच अधिक भाग एकटी कास वापरते. गंमत अशी की रवंथ करणाऱ्या जनावराच्या आतड्यातून रक्तात ग्लुकोज फारच थोडे उतरते. मंगळवेढ्याच्या ज्वारीचा कडबा असो की मक्याचा मुरघास, कोटीपोटातील, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातील, सूक्ष्मजीव तो आधी फस्त करतात आणि त्यातून मुख्यतः तीन आम्ले तयार करतात: अ‍ॅसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक. त्यांपैकी प्रोपिऑनिक आम्ल यकृतात पोहोचते आणि तेथे त्याचे ग्लुकोज बनते. म्हणजे जनावर कितीही धान्य खावो, दुधासाठी लागणारे ग्लुकोज त्याच्या यकृताला बहुतांशी नव्याने घडवावे लागते. धान्याचा भरडा वाढवल्यावर दूध का वाढते, याचे उत्तर येथे सापडते. धान्यातील स्टार्चमुळे प्रोपिऑनिक आम्लाचा वाटा वाढतो, त्यामुळे ग्लुकोज वाढते, त्यामुळे लॅक्टोज आणि म्हणून लिटर.

पण इतक्या कष्टाने तयार झालेले ग्लुकोज कासेलाच का मिळावे? स्नायूंनाही ते हवे असते, चरबीच्या पेशींनाही हवे असते. या वाटणीतच खरी मेख आहे. स्नायू आणि चरबी यांच्या पेशींचे ग्लुकोजसाठीचे दार इन्शुलिन या संप्रेरकाच्या हुकमाने उघडते. कासेतील पेशींचे मुख्य दार वेगळ्या जातीचे असते, ते इन्शुलिनची वाट पाहत नाही. जनावर व्यायले की रक्तातील इन्शुलिन कमी होते, वाढीचे संप्रेरक वाढते, आणि त्याच्या प्रभावामुळे स्नायू व चरबी इन्शुलिनला पूर्वीसारखा प्रतिसाद देईनाशा होतात. परिणामी त्यांची दारे अर्धवट मिटतात, कासेचे दार उघडेच राहते, आणि ग्लुकोजचा ओघ आपोआप कासेकडे वळतो. माणसात इन्शुलिनला प्रतिसाद न देणे हे मधुमेहाकडे जाणारे लक्षण मानले जाते. दुभत्या जनावरात ती निसर्गाने जाणूनबुजून केलेली सोय आहे.

चरबीचेही तसेच. रक्तातील चरबी पेशीत घेण्यासाठी एक विकर लागते. वेताच्या सुरुवातीला या विकराचे काम कासेत वाढते आणि त्याच वेळी शरीराच्या चरबीच्या थरांत ते घटते. म्हणजे साठवणुकीचे कोठार बंद आणि कासेचे फाटक उघडे. संपूर्ण शरीराने एका अवयवासाठी आपल्या व्यवहाराचा रोखच बदलावा, या घटनेला डेल बाउमन आणि ब्रूस करी या दोन शास्त्रज्ञांनी १९८० साली होमिओऱ्हेसिस या नावाखाली मांडले. शरीर स्थिती जैसे थे राखते हे आपण शाळेत शिकतो. येथे मुद्दा वेगळा आहे. विशिष्ट काळापुरते शरीर तोल एका बाजूला झुकवते, आणि ते झुकलेपण हीच त्या काळाची नेहमीची अवस्था असते.

आता पुन्हा आडाकडे येऊ. व्यायल्यानंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांत दुधाचा भर येतो, पण जनावराची भूक पूर्ण खुलायला त्याहून अधिक दिवस लागतात. मधल्या काळात पोटात जाते त्यापेक्षा कासेतून जास्त निघते. आडात पाणी नाही, तरी पोहरा भरून येतो, कारण तेवढ्या काळापुरता आड म्हणजे जनावराचे स्वतःचे शरीर होते. पाठीवरची, कमरेवरची चरबी वितळून रक्तात येते, काही कासेत जाते, काही यकृतात जळते. ताजी व्यायलेली चांगली गाय महिना-दीड महिन्यात खंगल्यासारखी दिसते, हाडे वर येतात, आणि घरातली वडीलधारी माणसे दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळून टाकतात. दृष्ट नसते, वितळण असते. ती एका मर्यादेपर्यंत स्वाभाविक आहे. चरबी यकृताच्या पेलण्यापलीकडे येऊ लागली की मात्र ती पूर्ण जळत नाही, कीटोन पदार्थ साठतात, जनावराच्या श्वासाला आणि दुधाला एक गोडसर वास येतो, आणि ते सर्वांत आधी आंबोण सोडते. अशा वेळी कास मागणी कमी करील, ही अपेक्षा फोल आहे. दूध घटते ते कच्चा माल खरोखर संपू लागल्यावर.

कॅल्शियमच्या बाबतीत कासेची हुकमत आणखी स्पष्ट दिसते, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातील सर्वांत विलक्षण भाग तोच आहे. गाईच्या दहा लिटर चिकात सुमारे २३ ग्रॅम कॅल्शियम असते. त्या क्षणी गाईच्या संपूर्ण रक्तद्रवात असलेले कॅल्शियम जेमतेम तीन ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे एकाच धारेत रक्तातील साठ्याच्या कित्येक पट कॅल्शियम बाहेर जाते. ते भरून काढण्यासाठी हाडांना हात घालावा लागतो, आणि हाडांना तसा निरोप धाडणाऱ्यांत कास स्वतःही असते. कासेतील पेशी सेरोटोनिन नावाचे रसायन बनवतात (मेंदूतील मनःस्थितीशी जोडले जाणारे तेच), आणि त्याच्या प्रेरणेने त्या रक्तातील कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड संप्रेरकाच्या जवळच्या नात्यातले एक प्रथिन तयार करून रक्तात सोडतात. हे प्रथिन हाडांपर्यंत पोहोचते आणि हाडे कॅल्शियम मोकळे करू लागतात. हाडांवर असा थेट हुकूम चालवणारा अवयव म्हणून कासेकडे पाहण्याची आपल्याला सवय नाही.

हा निरोप वेळेत पोहोचला नाही, किंवा हाडांनी दाद दिली नाही, की जनावर बसते. मान पोटाकडे वळवून पडलेली, कान गार पडलेली, व्यायल्यावर एक-दोन दिवसांतली म्हैस किंवा गाय ज्याने एकदा पाहिली आहे त्याला दुग्धज्वराचे वर्णन करायला नको. नावात ज्वर असला तरी अंगात ताप नसतो, उलट अंग थंड पडते. पशुवैद्यकाने शिरेतून सावकाश कॅल्शियम दिले की तेच जनावर थोड्या वेळात उठून उभे राहते, आणि बघणाऱ्यांना तो चमत्कार वाटतो. आपल्या जिल्ह्यात एक जादा अडचण आहे. ऊसतोडीच्या हंगामात, विशेषतः अकलूज-माळशिरस पट्ट्यात आणि उजनीच्या पाण्यावरच्या भागात, दावणीला उसाच्या वाढ्याशिवाय दुसरे काही नसते. वाढ्यात ऑक्झॅलेट असते, ते कॅल्शियमला धरून ठेवते आणि शेणावाटे बाहेर नेते. वाढ्याच्या कुट्टीवर चुन्याची निवळी शिंपडण्याचा सल्ला दिला जातो तो याचसाठी.

आता संकलन केंद्रावरच्या त्या तक्रारीकडे वळता येईल, कारण दूध वाढले ते का, हे आपण पाहिले आहे. फॅट का पडले? दुधातील चरबीचा साधारण निम्मा भाग कासेतील पेशी स्वतः बनवतात, आणि त्यासाठी त्या ग्लुकोज वापरत नाहीत, ते लॅक्टोजसाठी राखून ठेवतात. चरबीसाठी त्या कडब्यासारख्या तंतुमय वैरणीतून आलेले अ‍ॅसिटिक आम्ल वापरतात. उरलेली चरबी रक्तातून तयार येते. कडबा कमी आणि भरडा जास्त झाला की अ‍ॅसिटिक आम्लाचा वाटा घटतो, म्हणून फॅट पडते, असे सोपे स्पष्टीकरण दीर्घकाळ दिले जात असे. ते अपुरे ठरले. कोटीपोट आंबट झाले की तेथील सूक्ष्मजीव पेंडीतील तेलावर नेहमीच्या पद्धतीने प्रक्रिया पूर्ण करत नाहीत, आणि वाट चुकून एक वेगळेच चरबीचे आम्ल तयार होते. त्याचे दिवसाकाठी दोन-चार ग्रॅम जरी आतड्यात उतरले, तरी कासेतील पेशी चरबी बनवणाऱ्या विकरांचे उत्पादनच मंदावतात. म्हणजे माल नाही म्हणून काम थांबले असे होत नाही, चुकीचा निरोप मिळाल्यामुळे पेशीने काम आवरते घेतलेले असते. सरकी पेंडीला दोष देण्यापूर्वी दावणीत लांब काडीचा कडबा किती पडतो आणि भरडा एकाच वेळी ओतला जातो की थोडा-थोडा दिला जातो, हे पाहिले पाहिजे. पशुखाद्याच्या पोत्यावरच्या रंगीत जाहिराती याबद्दल काही सांगत नाहीत.

पेशी बाहेरचे निरोप ऐकते, तसा स्वतःला आवरण्याचा निरोपही स्वतःच काढते. शेळ्यांवर झालेल्या प्रयोगांत कासेच्या एका बाजूची धार दिवसातून तीन वेळा आणि दुसऱ्या बाजूची दोन वेळा काढली, तेव्हा दूध फक्त पहिल्या बाजूचे वाढले. रक्त दोन्ही बाजूंना तेच, संप्रेरके तीच, आंबोणही तेच. याचा अर्थ कारण कासेच्या त्या भागातच दडलेले असले पाहिजे. साठलेल्या दुधातच पेशींना थांबा म्हणणारे घटक असतात, आणि वर उल्लेखलेले सेरोटोनिन त्यांपैकी एक मानले जाते. कास रिकामी झाली की हा अटकाव सुटतो. आपल्या पंढरपुरी म्हशीकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तलवारीसारख्या लांब शिंगांची ही म्हैस दिवसातून चार-पाच वेळाही थोडेथोडे दूध देण्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि कोल्हापूरच्या गवळ्यांनी तिला कट्ट्यावर नेऊन गिऱ्हाइकासमोर ताजी धार काढण्याची रीत त्याच गुणावर उभी केली.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. दूध तयार होणे आणि दूध उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हैस दूध चोरते, असे आपण म्हणतो, तेव्हा दूध तयार झालेले असते, पण पान्हा फुटलेला नसतो. गाईच्या कासेतील सुमारे पाचवा हिस्सा दूध खालच्या टाकीसारख्या भागात आधीच उतरलेले असते. म्हशीत हे प्रमाण जेमतेम पाच टक्क्यांवर असते, बाकी सारे त्या सूक्ष्म मण्यांत अडकलेले. रेडकू सडाला लागले, किंवा ओळखीच्या हाताने कास धुऊन चोळली, की मेंदूकडून ऑक्सिटोसिन रक्तात येते, मण्यांना विळखा घातलेल्या पेशी आवळतात आणि दूध खाली येते. त्याचा अंमल काही मिनिटेच टिकतो. मध्येच कुत्रे भुंकले, कोणी दांडके उगारले किंवा अनोळखी माणूस धारेला बसला, तर भीतीचे संप्रेरक या सगळ्यावर पाणी फिरवते. ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन रोज टोचून दूध काढणे कायद्यात बसत नाही आणि जनावराच्याही हिताचे नाही: सवय झालेले जनावर पुढे इंजेक्शनाशिवाय नीट पान्हवेनासे होते. तयार न झालेले दूध या इंजेक्शनाने निर्माण होत नाही, ही गोष्ट मात्र अनेकांना पटत नाही.

कासदाहाविषयी, म्हणजे कासेला येणाऱ्या सुजेविषयी, एवढेच सांगतो की पेशींमधील घट्ट सांधे सैल पडले की रक्तातील मीठ दुधात झिरपते आणि लॅक्टोज उलट रक्तात जाते. म्हणूनच सडांना काहीही दिसत नसताना दूध खारट लागते. जुनी माणसे धार चाखून जनावर घेत, त्यामागे हे होते.

उरला उन्हाळा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो आणि दूध घटते, ते जनावर कमी खाते म्हणून, असे सर्वांना वाटते. सावलीतल्या गाईंना उन्हातल्या गाईंइतकेच मोजून खाद्य देऊन तुलना केली गेली, तेव्हा दुधातील घटीचा सुमारे निम्माच भाग कमी खाण्याने समजावता आला. उरलेला भाग वाटणी बिघडल्याचा होता. एरवी कमी खाणाऱ्या दुभत्या जनावराची चरबी वितळते आणि ग्लुकोज कासेसाठी शिल्लक राहते. उष्णतेच्या ताणात इन्शुलिन उलट वाढते, चरबी जागची हलत नाही, आणि स्नायू इंधन म्हणून ग्लुकोजच जाळू लागतात. व्यायल्यावर शरीराने कासेशी जणू एक करार केलेला असतो, आणि ऊन तो मोडते. म्हशीची कातडी काळी, घामाच्या ग्रंथी कमी, त्यामुळे तिला डुंबायला पाणी किंवा निदान अंगावर दुपारचे दोन-तीन वेळा पाणी हवेच.

आपल्या गोठ्यांत सावलीची वाटणी कशी होते, हेही पाहण्यासारखे आहे. पत्र्याच्या आत, पंख्याखाली, दुभती म्हैस, आणि आटवलेली गाभण म्हैस बाहेर बाभळीच्या विरळ सावलीला, कारण ती सध्या काही देत नाही. प्रत्यक्षात व्यायच्या आधीच्या त्या साधारण साठ दिवसांत कासेतील थकलेल्या पेशी जाऊन नव्या तयार होत असतात, आणि पुढच्या वेतात किती दूध निघणार हे पेशींची संख्या आणि प्रत्येक पेशीची कामाची धडाडी यांच्या गुणाकारावर ठरते. गाईंवरच्या अभ्यासांत असे आढळले आहे की या काळात उन्हाचा ताण बसला तर नव्या पेशी कमी होतात आणि पुढच्या वेतात दूध कमी येते. पोटातली कालवड मोठी होऊन व्यायली, तर तिच्याही पहिल्या वेतात ते कमी भरते.